जाळ्याच्या डाव्या बाजूनं

आमची कंपनी तेव्हा ईशान्येकडच्या एका डोंगरावर होती. डोंगराचं नाव लिहीत नाही. लिहायचं नसतं, आणि लिहिलं तरी तुमच्यापैकी कुणाला तिकडं जायचं नाही. वर बेस, खाली नाला, मधे बांबूचं जंगल. मी हवालदार शेंडे, सेक्शन कमांडर, म्हणजे दहा माणसं माझ्या हाताखाली. त्यातला पहिला स्काउट, म्हणजे पॅट्रोलमधे सगळ्यांच्या पुढं चालणारा, लान्स नायक देवचंद भुरे. तो माझ्याच गावचा, माझ्याहून लहान. भंडारा जिल्ह्यात करडीच्या बाजूला आमचं गाव. त्याच्या बापाची बांधी आणि माझ्या बापाची बांधी यांच्यामधे एकच धुरा. बाहेरच्यांसाठी सांगतो: बांधी म्हणजे धानाचं खाचर, आणि धुरा म्हणजे त्याचा बांध, ज्यावरून आम्ही जन्मभर चालतो.

हे आज लिहितोय त्याला कारण मकडी आहे. पुस्तकात कोळी म्हणतात, आमच्याकडं मकडीच. आमच्या सरपंचबाई म्हणाल्या, "फौजीभाऊ, सभेत जे सांगतलं ते कागदावर उतरवून द्या, लोकायले कामी येईन." देतो. सभेत जे सांगता आलं नाही तेही यातच येईल. त्यातलं काय ठेवायचं ते बाईंनी पाहावं.

बेसवरचा दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू: सगळे आपापल्या मोर्चात, हत्यार हातात, नीट उजेड होईपर्यंत. मग चहा, मग पॅट्रोल नाहीतर पाण्याची पार्टी, मग हत्यारसफाई, मग संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. फौजेतले बहुतेक दिवस असेच जातात. लोक मला विचारतात, किती लढाया पाहिल्या. मी सांगतो, बटाटे सोललेले जास्त पाहिले.

आमचे प्लॅटून कमांडर नायब सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. गोळीला न भिणारा माणूस. पण न्हाणीत मकडी दिसली की पाचावर धारण बसायची. एकदा सकाळी साहेब टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. देवचंद आत गेला आणि बशीएवढी तपकिरी मकडी तळहातावर घेऊन बाहेर आला.

"फेक ती."

"साहेब, ही घरातली आहे. तोंडावर आडवी पांढरी पट्टी पाहा. मिशी ठेवली आहे तुमच्यासारखी."

"भुरे."

"जी साहेब."

"मिशीवाली परत माझ्या न्हाणीत दिसली तर महिनाभर लंगरमधे भांडी घासशील."

"जी साहेब. झुरळं मात्र मग तुमचे तुम्ही पाहा."

सगळी लाइन हसली. साहेबही हसले, पण अंगावर पाणी घ्यायला दुसऱ्या न्हाणीत गेले. देवचंदनं ती मकडी लंगरच्या मागं सोडली. तिच्या पोटाखाली अंड्यांची चपटी पांढरी चकती होती, म्हणून दोन्ही हातांनी धरून नेली.

जेवणानंतर पोरं त्याला घेरायची. कुणी पंजाबचा, कुणी बंगालचा, सगळे मकडीला भिणारे. देवचंदचं म्हणणं असं, की आधी रंग पाहायचा नाही. रंग उन्हात एक दिसतो, सावलीत एक. आधी ती बसली कशी ते पाहायचं, मग पाठीवरची खूण, रंग सगळ्यात शेवटी. हे सगळं तो धुऱ्यावर शिकला होता. आमच्याकडं धानात मकडी असली की माणूस निर्धास्त असतो, कारण तुडतुडा हा जो धानाचा रस पिणारा किडा, त्याला ती खाते. त्याचे वडील सोमाजी भुरे, त्यांना मी काकाजी म्हणतो, ते तर धुऱ्यावरच्या एकेका जाळ्याची राखण करायचे. लहानपणी देवचंदनं आणि मी त्या धुऱ्यावर काकाजींच्या हातून किती वेळा कान पिळून घेतलाय त्याचा हिशेब नाही.

त्या डोंगरावरची मोठी मकडी मात्र आमच्याकडच्या धानात नसते. हाताच्या पंजाएवढी, काळी, पायांच्या सांध्यांवर पिवळं, पाठीवर दोन पिवळ्या रेघा. तिचा धागा सोनेरी आणि इतका चिवट की तोंडाला लागला तर डोकं मागं ओढल्यासारखं होतं. वाटेवर आडवं जाळं टाकते आणि ते दिवसचे दिवस ठेवते, फाटलं तेवढं शिवते. देवचंदनं ते पाहून पाहून एक गोष्ट काढली. जुन्या जाळ्यात चांदीच्या थेंबाएवढ्या दुसऱ्या बारीक मकड्या राहतात, फुकट जेवणाऱ्या. कडेला इवलासा लालसर नर बसलेला असतो. वाळकी पानं अडकलेली असतात. एवढं सगळं दिसलं तर समजायचं, या वाटेनं बऱ्याच दिवसांत कुणी गेलं नाही. जाळं स्वच्छ, कोरं असेल तर समजायचं, कालपरवा कुणीतरी मोडलं आणि तिनं नवं केलं.

साहेबांनी हे ऐकलं आणि हुकूम काढला, "जाला तोडना नहीं. बगल से निकलना." त्यात दुहेरी फायदा होता. पुढच्या वेळी वाट वाचता येते, आणि आपण गेल्याची खूणही मागं राहत नाही. हुकूम चांगला होता. आजही म्हणतो, चांगला होता. त्या हुकमानं दोनदा आम्हाला वेळेवर थांबवलं, दोन्ही वेळा पुढं दबा धरून माणसं बसलेली निघाली.

नाल्याच्या अलीकडं बांबूचं एक मोठं बेट होतं. तिथं वाटेवर एक जुनं जाळं होतं, छातीच्या उंचीवर. त्या मकडीचा मागचा एक पाय तुटलेला आणि पाठीवरची एक रेघ मधेच पुसट झालेली. देवचंद तिला पाटलीण म्हणायचा. "पाटलीणबाई घरी आहेत का?" असं पुटपुटत पुढं व्हायचा. बेटाच्या उजव्या अंगाला सरळ कडा होता. डावीकडं गवताचा उतार. म्हणून दर वेळी आम्ही सगळे डावीकडून, एकामागं एक.

पॅटर्न करू नये, हे रिक्रूटला ट्रेनिंगमधेच कान पकडून शिकवतात. आम्ही पॅट्रोलच्या वेळा बदलायचो, वाटा बदलायचो, जायची वाट यायला वापरत नव्हतो. पण कुठल्याही वाटेनं गेलं तरी नाला ओलांडायचा तो त्या बेटापाशीच. आणि पाटलीण जागा बदलत नव्हती.

त्या दिवशी स्टँड-टू संपल्यावर निघालो. ऊन नुकतंच बांबूत उतरत होतं. सव्वासातच्या सुमाराला बेटापाशी देवचंदनं मूठ वर केली. सगळे गुडघ्यावर बसले. मी पुढं सरकलो.

"काय आहे?"

"पाटलीण जाग्यावर आहे. जाळं शाबूत. चांदीवाल्या आहेत, नवराही आहे."

"पक्कं?"

"पक्कं. इकडून कोणी गेलं नाही."

मी मागं हात केला. "बगल से."

तो डावीकडं वळला. दोन पावलं गवतात टाकली असतील. आवाज झाला आणि माती माझ्या तोंडात गेली.

नाल्याच्या पलीकडून फायर आलं, थोडंच. आमच्या मशीनगनवाल्यानं उत्तर दिलं आणि ते बंद झालं. मी रांगत देवचंदपाशी गेलो. दोन्ही पाय गुडघ्याखाली राहिले नव्हते. नर्सिंग असिस्टंटनं रक्त थांबवायला दोन्हीकडं पट्टे आवळले. मी वायरलेस सेट घेतला.

"टायगर, टायगर थ्री. आयईडी ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"टायगर थ्री. हू? ओव्हर."

"स्काउट वन. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

"सीरियस. हेली चाहिए. ओव्हर."

"रॉजर. ऊपर लाओ. आउट."

स्ट्रेचर उचलताना माझी नजर जाळ्यावर गेली. डावी बाजू उडाली होती, उजवी शिल्लक होती. पाटलीण त्या अर्ध्या जाळ्यात, रोज बसायची तशी डोकं खाली करून बसली होती.

चढावर देवचंद शुद्धीत होता. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा. तेव्हा दादा म्हणाला, गावच्यासारखं.

"दादा, जाळं शाबूत होतं ना?"

"होतं."

"मी बरोबर पाहिलं होतं ना?"

"एकदम बरोबर पाहिलं होतंस."

हेलिपॅड दिसायच्या आत तो गेला. नायब सुभेदार साहेब खाली उतरून आले होते. त्यांनी स्ट्रेचरचा एक कोपरा माझ्या हातातून घेतला आणि वरपर्यंत कुणाला दिला नाही.

पुढं इन्क्वायरी झाली. त्यात जे निघालं ते थोडक्यात असं. वाटेवरून कुणी गेलं नव्हतं, देवचंदनं वाचलं ते खरंच होतं. पलीकडच्या डोंगरावरून कुणीतरी आम्हाला बरेच दिवस पाहत होतं. फौज इथं आली की वाट सोडते आणि डावीकडून गवतात उतरते, एवढं त्यांना दिसलं. का सोडते हे त्यांना कळायची गरजच नव्हती. ते खालून, उतारावरून वर आले, गवतात सुरुंग पुरून गेले. जाळ्याला त्यांनी हातही लावला नाही.

देवचंदला घेऊन मी गावी आलो. नागपूरहून भंडाऱ्यामार्गे गाडी. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळं गाव उभं होतं. सलामी झाली, बिगुल झाला. त्याची आई आधीच गेलेली, लग्न ठरायचं होतं. काकाजी एकटे. राख सावडून झाल्यावर त्यांनी मला पाळीवरच बाजूला घेतलं.

"कसा गेला गा?"

"मायनवर पाय पडला, काकाजी."

"रस्ता चुकला का?"

"नाही. रस्ता बरोबर होता."

"मंग?"

मी खाली पाहत राहिलो. मी काय सांगणार होतो? तुमचा पोरगा जाळं मोडू नये म्हणून बाजूनं गेला, असं? जाळं मोडायचं नाही हे ज्यानं आम्हाला शिकवलं त्याच माणसाला? पोटच्या पोराला आपली शिकवण घेऊन गेली हे कळलं असतं तर तो म्हातारा त्याच आठवड्यात गेला असता, असं मला वाटलं. मी म्हणालो, "फौजेचं असंच असते, काकाजी." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

पेन्शन घेऊन मी गावी आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तोच धुरा, एका अंगाला माझी बांधी, एका अंगाला काकाजींची. रोवणीआधीची चिखलणी माझ्या ट्रॅक्टरनं दोघांचीही. पण एक गोष्ट माझ्यासोबत डोंगरावरून आली. माझ्या हातात तेंदूची काठी असते आणि वाटेवर जाळं दिसलं की मी ते मोडतो. मोडल्याशिवाय पाऊल पुढं पडतच नाही. बाजूनं जायचं म्हटलं तर तळपायाला घाम येतो, बुटाच्या आत ओलं होतं. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय सांगू, जाळ्याची भीती वाटते म्हणून? मकडीची तर वाटत नाही. बाजूच्या गवताची वाटते.

काकाजींना हे कसं सहन होणार? त्यांचा जीव त्या जाळ्यांत.

"काहून मोडतोस गा? तुह्या बापाचं काय खाल्लं तिनं?"

"तोंडावर येते, काकाजी."

"तोंडावर येते म्हणे. एवढ्या मोठ्या फौजेत जाऊन मकडीसंग लढाई शिकून आला."

मागच्या हंगामात तुडतुडा आला. माझ्या बांधीत धान गोल गोल जागी जळाल्यासारखं वाळलं. त्यांच्याकडं कमी होतं. ते धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "तुह्याकडं मकडीच ठेवली नाई तू, मंग तुडतुडा पोटभर जेवीन नाई त काय करन?" मी चिडलो. "तुमचं तुम्ही पाहा," असं बोलून गेलो. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. यंदाची चिखलणी त्यांनी भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घेतली. शेजारच्या बांधीत परका ट्रॅक्टर चालताना पाहणं काय असतं ते शेतकऱ्यालाच कळेल. मला ते फार लागलं.

आता यंदाची गोष्ट. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, आणि गावात मोबाइलवर तो व्हिडिओ आला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मकडी, मागं भुताच्या सिनेमातलं संगीत, आणि हिंदीत एक बाई सांगते की ही चावली तर माणूस तासाभरात मरतो. कुठल्या मुलखातला व्हिडिओ देव जाणे. पण बांधीत जाणाऱ्या बायांनी तो पाहिला आणि निंदायला जायला नकार दिला. एकानं फवारा मारला, एकानं धुऱ्यावरचं गवतच पेटवून दिलं. मग सरपंचबाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "तुमी जंगलात राहून आले, तुमचं लोक ऐकतीन."

ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा झाली. बाया पुढं, गडी मागं, आणि खांबाला टेकून काकाजी. मी देवचंदच्याच पद्धतीनं सांगितलं, त्याचंच सगळं आहे. धानाच्या पानावर लांब काडीसारखी, चार पाय समोर ताणून आणि बाकीचे मागं ताणून पडलेली असते, ती लांबट मकडी. पान हललं की पानासारखीच होते. चिखलात धावते, तपकिरी, पाठीच्या मधून फिकट पट्टा, शेपटाशी अंड्यांची गोळी बांधलेली, ती जाळं करतच नाही, धावून धरते. नंतर तिची पिल्लं तिच्याच पाठीवर बसतात. हिरवीगार, पायांना काटे असलेली झुडपावर बसते. भिंतीवर टुणकन उडी मारते, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, डोळे मोठे, ती माशा खाणारी. तिला पाहून तर लेकरंही हसतात. घरातली मोठी, तोंडावर पांढऱ्या पट्टीची, तिच्यामुळं झुरळं कमी.

"आणि ती व्हिडिओतली?" सरपंचबाईंनी विचारलं.

"ती आपल्या धुऱ्यावरचीच आहे. पिवळे, चंदेरी आणि तपकिरी पट्टे आडवे. जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी फुली काढते आणि त्या फुलीवर पायांच्या जोड्या जुळवून, डोकं खाली करून बसते. खूण लक्षात ठेवा, पांढरी फुली. हात घालून दाबली तर चावेल, गांधील चावल्यासारखं होईल. कुणाला जास्त सुजलं, घाबरं झालं, तर दवाखान्यात जायचं, झाडफूक करत बसायचं नाही. कुठलीच मकडी उगाच हातात घ्यायची नाही. पण तिला मारून तुम्ही तुडतुड्याला जेवायला बोलावून राहिले."

लोकांना पटत होतं. तेवढ्यात दुर्पताबाई उठल्या. माझ्या पलीकडच्या बांधीत त्या कामाला असतात.

"फौजीभाऊ, एवढं समजते तुमाले, मंग तुमीच काहून मोडता जाळे? रोज दिसते मले, काठीनं."

सगळे हसले. मी तोंड उघडलं आणि माझ्या समोर खांबाला टेकलेले काकाजी दिसले. ते हसत नव्हते. ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"सवय आहे," मी म्हणालो. आणि सभा संपवली.

बाहेर पायरीशी काकाजी उभे होते. किती महिन्यांनी माझ्याशी बोलले.

"सवय कशाची?"

"अशीच."

"त्या दिवशी बी असाच खाली पाहत होता तू. पाळीवर. मी विसरलो नाई." त्यांचा आवाज चढला नाही. "आज सांग. काय केलं माह्या पोरानं?"

"काय केलं म्हणजे?"

"पळून राहिला होता का? काही भलतं केलं का? तू डोळे चोरते, म्हणून विचारतो. इतके वर्षं मले हेच वाटते. शहिदायच्या फलकावर नाव आहे त्याचं, पंधरा ऑगस्टले हार घालतेत, अन् मी खालची मान वर करत नाई."

मी त्यांना ज्या दुःखापासून वाचवतोय असं समजत होतो, त्याहून वाईट दुःख मीच त्यांच्या पदरात टाकलं होतं. मी त्यांना घेऊन धुऱ्यावर गेलो. ऊन कललं होतं. दोघं बसलो आणि मी सगळं सांगितलं. हुकूम, पाटलीण, कडा, डावीकडचं गवत. स्ट्रेचरवर काय बोलला तेही. काहीच ठेवलं नाही.

शेवटी काकाजींनी विचारलं, "जाळं किती उंच होतं?"

"छातीएवढं."

"खालून जागा होती?"

हा प्रश्न मला इन्क्वायरीतही कुणी विचारला नव्हता. मी आठवून पाहिलं. "पाठीवर पिट्टू असतो, हातात रायफल. पण होती. वाकून जाता आलं असतं."

ते बांधीकडं पाहत म्हणाले, "मी त्याले बाजूनं जा, असं कधी सांगतलं नाई. बाजूनं गेलं की धान तुडवल्या जाते. मी वाक म्हणो. जाळं दिसलं की वाक. तो कुठचा वाकते? पाय टाके बांधीत अन् निंघे समोर. मी मांगून बोंबलत राहो."

"आमचा कान पिळायचे ना तुम्ही, जाळ्यासाठी?"

"जाळ्यासाठी नाई. धान तुडवलं म्हणून."

मला एकदम सगळं दिसलं. लहानगा देवचंद ताठ मानेनं धुऱ्यावरून बांधीत उतरतोय, पोटरीपर्यंत चिखल, मागून मी. कान लाल. एवढी वर्षं मी चुकीची गोष्ट उराशी धरून बसलो होतो. आणि त्याच गोष्टीपायी एका बापाला आपल्या पोराची लाज वाटत राहिली होती. मला रडू आवरलं नाही. काकाजींच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

"पळाला नाई म्हणजे," ते म्हणाले.

"सगळ्यांच्या समोर होता, काकाजी. तोच समोर होता."

"अन् बरोबर पाहिलं होतं त्यानं."

"एकदम बरोबर."

त्यांनी मान हलवली. "वाकला असता त," असं म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. ते तेवढं आता आम्हा दोघांकडंही राहणार आहे. कुणाची चूक नव्हती हे कळल्यानं माणूस परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आवाज दिला, बांधीतलं पाणी सोडायचं होतं. ते पुढं, मी मागं. धुऱ्याच्या मधोमध जाळं होतं. पांढरी फुली, तिच्यावर चार जोड्यांत पाय जुळवून ती बसलेली. माझी काठी आपोआप वर गेली.

"थांब," काकाजी म्हणाले.

त्यांनी एक हात गुडघ्यावर ठेवला आणि वाकले. त्या वयाला ते सोपं नव्हतं. हळूहळू, डोकं पार खाली घालून, जाळ्याच्या खालून पलीकडं गेले. पलीकडं कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वाकून ये. बाजूनं नको येऊ."

मी काठी धुऱ्यावर ठेवली. वाकलो. तळपाय ओले झाले, मानेला धाग्याचं टोक लागून गेलं. पलीकडं निघालो तेव्हा जाळं जागच्या जागी हलत होतं.

मला वाटलं आता ते पुढं चालतील. ते चालले नाहीत. मी आलो त्या बाजूला, माझ्या मागं, रिकाम्या धुऱ्याकडं पाहत उभे राहिले, अजून कुणी यायचं राहिलंय तसे.

"पाह्य बेटा," ते म्हणाले, "वाकता येते."

हे मला म्हणाले नव्हते. मग आम्ही पाणी सोडायला गेलो.